घोणशीचं बाळंतपण

वकिलांच्या सुनेला सातव्या महिन्यात मुलगा झाला आणि मी तो जगवला, तेव्हापासून महाडात लोक मला 'सातमाशी बाई' म्हणू लागले. मूल मुठीएवढं. कापसात गुंडाळून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या लावून चाळीस दिवस मी ते सांभाळलं. पुढे तो मुलगा गल्लीतून कुत्र्यांना दगड मारत हिंडायचा, आणि दिसला की मला स्वतःचंच कौतुक वाटायचं. पुण्याला दोन वर्षं शिकून, कात्री, चिमटे आणि कार्बोलिक साबण घेऊन परतलेली तिशीतली विधवा बाई मी. एकोणीसशे तिसाच्या आगेमागे तालुक्यात अशी दुसरी नव्हती. हे मला ठाऊक होतं, आणि इतरांनाही ते ठाऊक राहील याची मी काळजी घेत असे.

माझं माहेर पोलादपूरकडचं, कापडे गावातलं. तिथे एक म्हातारी सुईण होती. माझा आणि माझ्या भावाचा जन्म तिच्याच हातचा, पण त्याबद्दल मला कधी कृतज्ञता वाटली नाही. उलट आपण जिवंत राहिलो याचंच नवल वाटायचं. तिची नखं काळी, लुगड्याला शेणाचा वास, नाळ कापायला घरातला विळा. आणि सगळ्यात मला संताप यायचा तो तिच्या एका रीतीचा. मूल बाहेर आलं तरी वार पडेपर्यंत ती नाळ कापायची नाही. मूल अशक्त निघालं, रडलं नाही, तर वार पडल्यावरसुद्धा कापायची नाही. वार मुलाशेजारी ठेवायची, तिच्यावर कोमट पाणी सोडत बसायची आणि म्हणायची, "वारंत जीव हाय, तो पोरात उतरू दे." मी पुण्याला शिकले होते ते असं : मूल आलं, नाळ बांधा, कापा, मूल उचला. त्यामुळे या बाईचं नाव निघालं की मी नाक मुरडायची. एकदा तर भर ओटीवर, चार बायकांसमोर मी तिला म्हणाले होते की तुझ्या हातची जी पोरं जगली ती तुझ्यामुळे नव्हे, तुला चुकवून जगली. ती नुसती हसली. दात नव्हतेच, त्यामुळे ते हसणं मला आणखीच निर्बुद्ध वाटलं.

भाऊ माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. गावातल्या निम्म्या घरांतला एकेक माणूस मुंबईत असायचा, तसा तोही गिरणीत लागला होता. आठ वर्षांत गिरणीने त्याला दोन गोष्टी दिल्या. एक बोलण्याची ढब. 'एकदम फस्क्लास', 'बराबर', 'सिस्टिम' असले शब्द तो भाकरीला लावल्यासारखे प्रत्येक वाक्याला लावायचा. दुसरी गोष्ट म्हणजे खोकला. कापसाचा तो बारीक धुरळा छातीत बसलेला. महाडच्या ज्या दवाखान्यात मी काम करायची तिथल्या डॉक्टरांनी त्याची छाती तपासली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की हा पुन्हा गिरणीत गेला तर दोन वर्षं काढणार नाही. हे मी घरी सांगितलं. भावजय चुलीपुढे बसून रडली. पण राहायचं तर खायचं काय? शेत होतं ते दोघा चुलत्यांत वाटलेलं, वाट्याला आलेल्या भातावर दिवाळीपर्यंतसुद्धा निभाव लागत नसे. भाऊ म्हणायचा, "आक्का, हितं कायतरी काम मिळालं ना, तर मी त्या गिरणीचं तोंड पन बघनार नाय."

आणि त्याला मिळालेलं काम काय, तर साप.

बोटीवर त्याला मुंबईच्या एका प्रयोगशाळेतला माणूस भेटला होता. तिथे सापांचं विष काढून सर्पदंशावरची लस करतात हे त्याने ऐकलं, आणि गावी आल्यावर स्वारी सर्पतज्ज्ञ झाली. साप धरायचा एक कातकरी, आणि मिशीला पीळ द्यायचा आमचा भाऊ. त्या कातकऱ्याने त्याला एक घोणस आणून दिली. मनगटाएवढी जाड, अंगावर साखळीसारखे तपकिरी ठिपके, आणि फुत्कार असा की लोहाराचा भाता बरा. भावाने चहाच्या लाकडी खोक्याला वरून जाळी मारली, तिला आत ठेवलं आणि गोठ्याच्या पडवीत मांडलं. रोज कोणी ना कोणी बघायला येई. हा काडीने खोकं वाजवायचा, ती फुत्कारायची, बायका किंचाळायच्या, आणि हा म्हणायचा, "घाबरू नका, सिस्टिम हाय." मी एकदा बघितलं आणि म्हटलं, असल्या उद्योगापेक्षा गिरणी बरी. हे मी खरंच बोलले होते. आज ते वाक्य मला आठवू नये असं वाटतं, पण आठवतं.

मग त्या कातकऱ्याच्या लक्षात आलं की घोणस गाभण आहे. घोणस अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत. भावाने मुंबईला पत्र धाडलं. वैशाखात बोटी बंद व्हायच्या आधी प्रयोगशाळेतले एक डॉक्टर दासगाव बंदरात उतरून महाडला आले. डोक्यावर भोपळ्यासारखी टोपी, पायांत गुडघ्यापर्यंत पट्ट्या गुंडाळलेल्या. कापड्याला येण्याची त्यांना सवड नव्हती. साप महाडला आणा, म्हणाले. मग वैशाखाच्या उन्हात, बैलगाडीत, खडकाळ रस्त्याने ते खोकं कापड्याहून महाडला आलं. डॉक्टरांनी खोक्यावर पेन्सिलीने टकटक केली, घोणशीला काठीखाली दाबून धरवलं आणि पोटावरून दुसरी काठी फिरवून गाठी मोजल्या. बाळंतीण व्हायला आलेल्या जनावराचं पोट असं कांडून काढणारा माणूस स्वतःला डॉक्टर म्हणवत होता. मी तिथेच होते. साप तो साप, त्याच्यासाठी मी कशाला तोंड वाजवू?

मात्र ते जे बोलले ते ऐकायला मी कान टवकारले होते. रानातून धरून आणलेल्या घोणशी पिंजऱ्यात खात नाहीत आणि थोड्या दिवसांत मरतात, असं ते म्हणाले. पिंजऱ्यात जन्मलेली पिल्लं सरावतील, खातील, आणि त्यांचं विष वर्षानुवर्षं काढता येईल. "मृग लागल्यावर ही विईल. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या की मी येईन. निम्मी पिल्लं जिवंत दाखव, मग इथेच सर्पालय करू. तुला कायमचं नेमून घेतो. गावातच राहायचं, साप सांभाळायचे." भावाने त्यांचे पाय धरले. मला लाज वाटली. पण गाडी परत निघताना तो खोक्यावर स्वतःचा पंचा पसरून, वर हात धरून बसला होता, सावलीसाठी. ते बघून मी आत गेले.

मृग लागायला पंधरा-वीस दिवस होते. चारच दिवसांनी सकाळी कापड्याहून माणूस धावत आला. "आक्काला बोलवलंय. घोणस आजच व्यायला लागली. सातमाशी हायत म्हनं."

दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी भावाकडे बाळंतपण आहे असं सांगितलं. ते काही खोटं नव्हतं. पिशवीत सगळं भरलं : कात्री, चिमटे, उकळलेला दोरा, आयोडीन, कापूस, बाटल्या. पोलादपूरपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढे पायी. वाटभर मी मनात आखणी करत होते. आणि खरं सांगायचं तर मी आनंदात होते. सगळा तालुका ज्याला हात लावायला घाबरतो ते मी जगवून दाखवणार, भाऊ गावात राहणार, आणि ते भोपळ्याच्या टोपीवाले डॉक्टर मला विचारणार, बाई, तुम्ही हे कसं केलंत?

ऊन कलायच्या आत पोचले. पडवीत बघते तर खोक्याजवळ ती म्हातारी सुईण बसलेली. भावजयीने घाबरून तिला बोलावलं होतं. घोणस मोकळी होऊन कोपऱ्यात पडली होती. कातकऱ्याने तिला फाट्याच्या काठीने उचलून दुसऱ्या खोक्यात टाकलं. आता पहिल्या खोक्यात होती ती पिल्लं. म्हातारीने त्यांच्यावर ओलं गोणपाट अंथरलं होतं आणि ती वरून हाताने पाण्याचे थेंब शिंपडत होती, देवाला तीर्थ शिंपडावं तसं.

मी गोणपाटाचं एक टोक काठीने उचललं. अजून विसरले नाही ते दृश्य. करंगळीएवढी जाड, वीतभर लांब पिल्लं, फिकट, अंगावरच्या साखळ्या नीट उमटलेल्यासुद्धा नाहीत. काही अजून पातळ पडद्यात गुंडाळलेली. आणि प्रत्येकाच्या पोटाखाली एक बारीक नाळ, तिच्या टोकाला पिवळा, बोराएवढा मऊ गोळा लोंबत होता. पाच तर मेलेलीच होती. बाकीची हलत होती, हळूहळू, अंगात त्राण नसलेल्या माणसाने कूस बदलावी तशी.

"हात लावू नको, बाय," म्हातारी म्हणाली. "ह्यांचं पोट अजून भायेर हाय. जीव त्या पिवळ्यात हाय. तो आत गेला का नाळ आपसूक गळंल."

मला हसू आलं. वार, जीव, उतरू दे. माणसाच्या पोरांना पुरली नाही, आता सापांनाही तीच विद्या. मी म्हणाले, "आजी, इथे घाण करून ठेवलीत तेवढी पुरे. हे ओलं पोतं, हे शेणाचे हात. नाळ अशी लोंबकळत ठेवली तर सडेल आणि विष अंगात भिनेल. उठा."

भावजय चाचरत म्हणाली, "वन्सं, त्यांनी सकाळपास्नं नुसतं पानीच शिंपडलंय."

"तुला कळतं का काही?" मी तिच्यावर खेकसले. भाऊ खोकत होता. तो म्हणाला, "आक्काला शिकवू नका. आक्का बराबर जानते." मग म्हातारी उठली. उठताना गुडघ्यावर हात ठेवून थांबली, पुन्हा एकदा खोक्याकडे बघितलं आणि गेली.

पुढचं मी जे केलं ते अगदी पुस्तकातल्यासारखं केलं. घोणशीचं पिल्लू जन्मल्याबरोबर विषारी असतं, म्हणून कातकऱ्याने फोडलेल्या बांबूच्या चिमट्यात एकेकाची मान धरायची. मी नाळ पोटाजवळ दोऱ्याने बांधायची, कात्रीने कापायची, पिवळा गोळा पाटीत टाकायचा, आयोडीनचा बोळा फिरवायचा, पत्र्याच्या डब्यात कोमट कोरड्या कापसावर ठेवायचं. भाऊ पाण्याच्या बाटल्या गरम करून आणत होता आणि दर वेळी विचारत होता, "हाय ना जिवंत?" तेवीस पिल्लं मी अशी केली. दोरे सगळे सारख्या लांबीचे. शेवटी तो कापसाचा डबा बघून मला वाटलं, पुण्याच्या आमच्या बाई इथे असत्या तर पाठ थोपटली असती. भाऊ डब्यावर वाकून बघत म्हणाला, "आक्का, आता ऱ्हातो मी हितं." भावजयीने पहिल्यांदा त्या दिवशी हसून चहा केला.

सकाळी मी आधी उठले आणि डबा उघडला.

तेवीसच्या तेवीस मेली होती. काही वेटोळी करून, काही ताठ. बांधलेल्या जागी रक्त काळं पडलेलं. मी एकेक उचलून बघितलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. माणसाचं मूल गेलं तर मी इतकं बघत बसत नसे. मग काहीतरी करायला हवं म्हणून कालचं खोकं साफ करायला घेतलं आणि ते ओलं गोणपाट काढलं. त्याची दुमड उलगडली तर आत तीन पिल्लं. काल मी नुसतं टोक उचललं, पिल्लं काढून घेतली आणि पोतं बाजूला सारलं. ही दुमडीत राहून गेलेली. तिन्ही जिवंत. पोटाखालचे पिवळे गोळे कालच्यापेक्षा लहान झालेले. मी काठी जवळ नेली तर त्यांतल्या एकाने मान उचलून काठीला तोंड मारलं.

मला सगळं त्याच क्षणी कळलं. समजायला मला कधीच वेळ लागत नाही. ती वार नव्हतीच, ती शिदोरी होती. अंड्यातला बलक असतो तशी. आईच्या पोटात आणखी वीस दिवस जे जिरायचं होतं ते बाहेर घेऊन आली होती बिचारी, आणि मी तेवीस जणांच्या तोंडचा घास कात्रीने कापून पाटीत टाकला होता. म्हातारीला यातलं काही शास्त्र कळत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की जे अजून जोडलेलं आहे ते तोडू नये.

भाऊ उठून आला तेव्हा मी ती तीन पिल्लं गोणपाटासकट एका मातीच्या परातीत ठेवली होती आणि वर जाळी दाबत होते. त्याने डबा बघितला. खाली बसला, तोंडावर पंचा दाबला, आणि रडणं आणि खोकला असे एकत्र सुटले की भावजय आतून धावत आली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "त्या म्हातारीनं केलं. सकाळपास्नं बसली व्हती हितं. तिची नजर लागली."

भावजय म्हणाली, "काय बोलता? त्यांनी तर..."

"तू गप बस. आक्काला इचार."

दोघं माझ्याकडे बघत राहिले. नजर, करणी, भानामती, या सगळ्याला मी आयुष्यभर थुंकत आले. नजर उतरायला मिरच्या घेऊन आलेल्या बायांना मी बाळंतिणीच्या खोलीतून हाकलून दिलेलं. आणि त्या सकाळी मी काय बोलले? मी म्हणाले, "मी आले तेव्हाच उशीर झाला होता." हे शिकलेल्या माणसाचं खोटं. नजरेचं नाव मी घेतलं नाही, ते त्याच्या तोंडात तसंच राहू दिलं. मग तो परातीकडे बघून म्हणाला, "आनि ही तीन?" मी म्हणाले, "ही वाचतील." त्याने माझ्या पायांना हात लावला. धाकटा भाऊ, लावतो कधीमधी. मी पाय मागे घेतला नाही.

दुपारी म्हातारी आली. कोणी बोलावलं नव्हतं. परातीवरची जाळी बघून वाकली, तीन पिल्लांच्या पोटाखाली लोंबणाऱ्या गोळ्यांकडे बघितलं, मग पलीकडे उपडा घातलेला रिकामा डबा बघितला. तिला सगळं कळलं. मी वाट बघत होते की आता ही बोलेल. बोलली असती तर मी तिला उलट बोलले असते, खच्चून भांडले असते, आणि कदाचित भांडणात खरं बाहेर पडलं असतं. ती एवढंच म्हणाली, "ह्यांना पानी शिपडत जा. चार दिस." आणि गेली. तिच्या त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो. इतकं मोठं मन दाखवायचा तिला काय अधिकार होता?

मी पाच दिवस कापड्याला राहिले आणि पाणी शिंपडलं. चौथ्या दिवशी गोळे पोटात गेले, नाळेचे वाळके धागे गळले, सातव्या दिवशी तिन्ही पिल्लांनी कात टाकली असा भावाचा निरोप महाडला आला. घोणस स्वतः, डॉक्टर म्हणाले होते तशी, काही न खाता मेली. पिल्लांना मात्र पावसाळाभर त्याने बोटाच्या पेराएवढे बेडूक पकडून घातले. खोकत खोकत शेतातल्या पाण्यात उभा राहून तो बेडूक धरायचा आणि वाडीतली माणसं त्याला हसायची. मीही हसले असते, पूर्वीची असते तर. वाडीत दुसरंही एक पसरलं. म्हातारीची नजर वाईट, सापाचीसुद्धा पिल्लं वाचली नाहीत. श्रावणात एका घरी बाळंतपण झालं तेव्हा तिला बोलावलं नाही. भादव्यात दोन घरी नाही. माझ्याकडे महाडला माणूस यायला लागला. मी जात होते. रस्त्यात तिचं खोपट लागायचं. ती दारात शेणी थापत असायची, मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून निघून जायची.

नारळी पौर्णिमेनंतर ते डॉक्टर आले. या वेळी तीन पिल्लं एका बरणीत घालून भाऊच महाडला घेऊन आला, वर फडकं बांधून, एकेका पावलाला जपत. चांगली भरलेली, चकचकीत, अंगावरच्या साखळ्या रेखीव. डॉक्टर खूश झाले. पिल्लं त्यांनी ठेवून घेतली. भाऊ उभाच. मग म्हणाला, "सायेब, ते सर्पालयाचं?" डॉक्टर बरणी उजेडात धरून बघत होते. म्हणाले, "तीन साप ठेवायला सर्पालय कशाला? माझ्या टेबलाखाली मावतील." आणि हसले. माझ्या मनात आलं, आता बोल. सांग की सव्वीस जगली असती, निम्मीच्या कितीतरी वर. सांग की चूक या माणसाची नव्हती, म्हातारीचं गोणपाट बरोबर होतं, याचं खोकं बरोबर होतं, याला आणखी एका घोणशीपुरती संधी द्या. मी सांगितलं नाही. दवाखान्यातले आमचे डॉक्टर शेजारी उभे होते, ज्यांनी मला 'सातमाशी बाई' म्हणून त्यांच्यापुढे उभं केलं होतं. तेवढ्यासाठी.

दसरा झाल्यावर भाऊ मुंबईला गेला. दासगावच्या धक्क्यावर त्याला पोचवायला आम्ही दोघी गेलो होतो. भावजय त्याच्या ट्रंकेला हात लावून उभी होती, बोट शिटी देईपर्यंत सोडली नाही.

त्यानंतर माझ्यात एक फरक पडला, तो कोणाच्या लक्षात आला नाही. अशक्त मूल जन्मलं की मी नाळ लगेच कापत नसे. नाळेतली धडधड बोटांना जाणवते. ती आपणहून थांबेपर्यंत मी मूल आईशेजारी तसंच ठेवायची. काही मुलांना त्याने रंग चढला, हे मी डोळ्यांनी बघितलं. आधी घाईने कापलेली किती, ती मी मोजली नाहीत. दवाखान्यात नवी शिकाऊ बाई आली, तिने विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हणाले, "पुण्याला शिकवतात."

भाऊ दीड वर्षाने परत आला तो उचलून आणलेला. छातीचा पिंजरा झाला होता. आमच्या डॉक्टरांनी दोन वर्षं काढणार नाही म्हटलं होतं, ते चुकले नाहीत. मी रजा टाकून कापड्याला जाऊन राहिले. एका सकाळी तो जरा हुशार होता. भावजयीने उशी उंच केली आणि मी अडुळशाचा काढा घेऊन बसले. गावातली दोन माणसं बघायला आली होती. त्यांना तो थांबत थांबत सांगायला लागला, घोणशीची गोष्ट, सगळी. खोकं, डॉक्टरची टोपी, बेडूक. आणि म्हणाला, "त्या म्हातारीनं सगळी मारली असती. आमची आक्का व्हती म्हनून तीन तरी जगली." माझा हात हातात घेतला त्याने. हात गरम होता, हलका, नुसती हाडं. भावजय माझ्याकडे बघत होती. तिला किती कळलं होतं हे मी तिला कधी विचारलं नाही.

मी तोंड उघडलं. म्हणाले, "काढा घे रे, निवतोय."